न मागितलेल्या सेवेचे पैसे

जुलै महिना उजाडला की नाशिकमधील शिक्षक, कारकून आणि निवृत्त कर्मचारी यांना प्राप्तिकराच्या विवरणपत्राची आठवण होते. वस्तुतः पगाराखेरीज फारसे उत्पन्न नसलेल्या माणसाला हे काम स्वतः करता येण्याजोगे आहे. प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर विवरणपत्र भरण्यास एक पैसाही पडत नाही. पगार, व्याज, कापलेला कर यांचे आकडे तेथे बव्हंशी आधीच मांडलेले असतात. तरीही पुष्कळजण खासगी कंपन्यांच्या संगणक-प्रणालींकडे वळतात. त्यात गैर काही नाही. सोयीचे मोल द्यावेच लागते. आक्षेप आहे तो न मागितलेल्या सोयीच्या मोलाला.

काही प्रणालींत प्रारंभी एक आकडा दाखविला जातो आणि तासभर माहिती भरून झाल्यावर शेवटच्या पानावर भलताच आकडा पुढे येतो. तज्ज्ञाकडून तपासणी, नोटीस आल्यास साहाय्य अशी कलमे त्यात शिरलेली असतात. त्यांपुढील होकाराची खूण ग्राहकाने नव्हे, कंपनीनेच करून ठेवलेली असते. मुदत संपत आलेली, विलंबशुल्काची धास्ती मनात. माणूस निमूटपणे पैसे भरतो. वाण्याने यादीत नसलेला साबण पिशवीत टाकला तर हेच गिऱ्हाईक तो तेथल्या तेथे परत करते.

कायदा या बाबतीत मुका नाही. २०२० च्या ई-वाणिज्यविषयक नियमांनी आधीच खूण केलेल्या चौकटीला ग्राहकाची संमती मानण्यास मनाई केली. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. ग्राहकाच्या संमतीविना बिलात जादा सेवा घुसडणे हा त्यांतील एक. तक्रारदाराची बाजू अशी भक्कम आहे. पण रक्कम काहीशे रुपयांची! ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही हे खरे. तथापि तारखेसाठी शिक्षकाला जी रजा खर्ची घालावी लागेल, तिची भरपाई कोण करणार? नेमक्या याच हिशेबावर ही वसुली उभी आहे.

म्हणूनच हे भांडण एकेकट्याचे ठेवून चालणार नाही. अमेरिकेत 'टर्बोटॅक्स' या प्रणालीच्या इंट्यूट कंपनीवर असा आरोप होता की, विनामूल्य विवरणपत्र भरण्यास पात्र असलेल्यांना तिने पैसे मोजावयास लावले. मे २०२२ मध्ये सर्व ५० राज्यांच्या महाधिवक्त्यांशी झालेल्या तडजोडीत तिने १४.१ कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. ही रक्कम सुमारे ४४ लाख करदात्यांसाठी होती. बहुतेकांच्या वाट्याला तीसेक डॉलर. तेवढ्यासाठी त्यांतील किती जणांनी वकील दिला असता?

आपल्याकडेही तशी वाट आहे, पण ती वापरात दिसत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या १६ व्या आणि १७ व्या कलमांनुसार ग्राहकवर्गाचे अहित करणाऱ्या अनुचित प्रथेची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते, आणि तिची चौकशी करून केंद्रीय प्राधिकरणाकडे अहवाल पाठविण्याचा अधिकार त्यांना आहे. ग्राहकाने प्रथम कंपनीकडे लेखी परतावा मागावा, दाद न लागल्यास १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या पानावरील दर आणि अखेरचे बिल या दोहोंची छायाचित्रे मात्र जपून ठेवावीत. नाशिकच्या शिक्षक व कर्मचारी संघटनांनी आपल्या सभासदांकडून असे पुरावे गोळा करून जिल्हाधिकाऱ्यांना एकत्रित अर्ज द्यावा, आणि त्यावर महिनोन्महिने हालचाल झाली नाही तर त्याचाही जाब विचारावा.