आधी प्रश्न, मग अनुदान

प्राणिवर्तनाच्या अभ्यासासाठी विद्यार्थ्यांनी लिहिलेले अनुदान-प्रस्ताव चाळले, तर त्यांत एक गोष्ट शोधूनही सापडत नाही; ती म्हणजे प्रश्न. निसर्गाच्या ऱ्हासावर एक परिच्छेद असतो, ‘भारतात प्रथमच’ असा दावा असतो आणि अखेरीस कॅमेरा, दुर्बीण व संगणक यांची ऐसपैस यादी असते. मात्र प्राण्याच्या कोणत्या वागण्याविषयी नेमके काय जाणून घ्यायचे आहे, हे शेवटच्या ओळीपर्यंत कळत नाही.

सरकारी कचेरीत प्रस्ताव तपासण्यात ज्याची हयात गेली, त्याला हा नमुना नवा नाही. जिथे गरज धूसर असते, तिथे खर्चाचा तक्ता हमखास ठसठशीत असतो. फरक इतकाच, की तिथे मुरलेला कंत्राटदार असतो आणि इथे वीस-बावीस वर्षांचे पोर. त्या पोराला हे वळण कोणी लावले? ‘मागाल त्याच्या निम्मे मिळते, तेव्हा दुप्पट मागा’ असा शहाणपणा शिकवणाऱ्या आपणा वडीलधाऱ्यांनीच.

महागड्या साधनांवाचून संशोधन होत नाही, हा समज तर निखालस खोटा आहे. सलीम अली यांनी हाती नोकरी नसताना अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरणीच्या वसाहतीचे निरीक्षण केले. नर अर्धा खोपा विणतो, मादी तो पारखून पसंत करते आणि मग नर दुसऱ्या खोप्याच्या मागे लागतो, हा सारा संसार त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केला. बेंगळुरूचे राघवेंद्र गदगकर यांनी आयुष्यभर गांधीलमाश्यांचा अभ्यास केला. प्राणिवर्तनातील प्रयोगांवरच्या त्यांच्या २०२१ च्या पुस्तकाचे उपशीर्षकच ‘क्षुल्लक खर्चात आघाडीचे संशोधन’ अशा अर्थाचे आहे.

सर्वांत बोलके उदाहरण पुण्याचे आहे. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेड्या राघूवरचा प्रयोग २००२ साली प्रसिद्ध केला. घरट्याजवळ माणूस उभा असला, की हा पक्षी बिळात शिरायला कचरतो. पण त्याला भय कशाचे, माणसाच्या जवळिकीचे की त्याच्या नजरेचे? निरीक्षक घरट्यापासून साधारण सारख्याच अंतरावर, पण कधी बीळ दिसेल अशा जागी, तर कधी दिसणार नाही अशा जागी उभा राहिला. भय केवळ जवळिकीचे असते, तर राघूचे वागणे दोन्ही वेळी सारखेच राहिले असते. तसे झाले नाही. बीळ दिसत असे तेव्हा तो कमी वेळा आत शिरला. समोरच्याला काय दिसते, याचा अदमास पक्ष्याला असावा, इतका मोठा विचार त्यातून पुढे आला. या प्रयोगाचे खरे भांडवल होते ते ‘भय कशाचे?’ हा प्रश्न.

प्रस्तावात हेच उतरायला हवे. नीको टिनबर्गन यांनी १९६३ साली वर्तनाविषयीचे चार प्रश्न वेगळे करून दाखवले: ते घडते कसे, व्यक्तीच्या आयुष्यात वाढते कसे, जगण्यास उपयोगी पडते कसे आणि उत्क्रांतीत आले कुठून. यांपैकी आपला प्रश्न कोणता, हे पहिल्याच परिच्छेदात सांगावे. काय दिसले तर आपली कल्पना खोटी ठरेल, हेही निःसंकोच लिहावे. किती घरटी, किती तास, कोणता हंगाम, याचा हिशेब द्यावा. विणीचा काळ टळल्यावर हाती आलेले अनुदान काय कामाचे? वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये लागणाऱ्या परवानग्या गृहीत धरू नयेत, त्यांना लागणारा वेळ वेळापत्रकात मांडावा. आणि अंदाजपत्रकातील प्रत्येक रुपयापुढे तो कोणत्या निरीक्षणासाठी, हे लिहावे. ज्या वस्तूपुढे असे कारण लिहिता येत नाही, ती यादीतून काढावी.

‘परीक्षकांना भारदस्त भाषाच लागते,’ असे यावर म्हटले जाईल. लागत असेलही, पण भारदस्त भाषा पोकळ विचाराला तारत नाही, फार तर काही काळ झाकते. विद्यार्थ्याने आपला प्रश्न आधी घरी, आजीला समजेल अशा मराठीत मांडून पाहावा. तिथे तो उभा राहिला, तर इंग्रजीतही उभा राहील.

आता थोडे आपल्याविषयी. बृहन्महाराष्ट्रातील आपल्या जुन्या मंडळांपाशी पूर्वजांच्या नावे ठेवलेल्या देणग्या आहेत. त्यांच्या व्याजातून दरवर्षी आपण गुणपत्रिका पाहून पारितोषिके वाटतो, म्हणजे दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल मुलांची पाठ थोपटतो. स्वतःचा प्रश्न विचारणाऱ्या मुलासाठी आपल्यापाशी एक छदामही नसावा? अशा एखाद्या निधीतून दरवर्षी एका विद्यार्थ्याला प्रवासखर्च, वह्या आणि एक साधी दुर्बीण एवढे द्यावे. अट एकच: दोन पानी मराठी प्रस्ताव, आणि त्याच्या पहिल्या वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह. दात्यांच्या इच्छेचा यात भंग होतो असे ज्यांना वाटते, त्यांनी मूळ देणगीपत्रे काढून वाचावीत आणि त्यांत ‘गुण’ लिहिले आहे की ‘विद्या’, ते सर्वांना सांगावे.