अंतराचा हिशेब

मराठीतील ‘टिपणे’ हे क्रियापद मोठे अर्थगर्भ आहे. चिमणी अंगणातले दाणे टिपते, शिकारी नेम धरून सावज टिपतो आणि छायाचित्रकार दृश्य टिपतो. पहिल्या टिपण्यात भूक आहे, दुसऱ्यात हिंसा आहे. तिसरे मात्र सर्वथा निरुपद्रवी, अशी आपली समजूत असते. आपल्यातील अनेक कुटुंबे आता सुटीत केनिया, टांझानिया, युगांडा किंवा बोट्स्वाना येथील अभयारण्ये पाहण्यास जातात. व्यापारानिमित्त नैरोबी-मोंबासाला स्थायिक झालेले आप्त ज्यांना आहेत, त्यांना तर पूर्व आफ्रिका फारशी परकी वाटतही नाही. हाती उत्तम कॅमेरा असतो आणि मनात सिंह, हत्ती, मगर जवळून टिपण्याची हौस असते. ही हौस खरोखरच निरुपद्रवी आहे काय, याचा विचार आजच्या लेखात करावयाचा आहे.

‘सफारी’ हा स्वाहिली शब्द मूळ अरबी. आपल्या ‘सफर’ या शब्दाचा तो सख्खा भाऊ. अर्थही तोच, प्रवास. परंतु शंभर वर्षांपूर्वी युरोपीय मनुष्य सफारीस निघाला म्हणजे तो बंदूक घेऊनच निघाला, असे समजले जाई. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली आणि तेथील सफारीत बंदुकीची जागा कॅमेऱ्याने पूर्णपणे घेतली. हे परिवर्तन स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. तथापि कॅमेऱ्याचे बालपण तितकेसे निष्पाप नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल गेऑर्ग शिलिंग्ज या जर्मन छायाचित्रकाराने पूर्व आफ्रिकेत रात्रीच्या काळोखात झगझगीत प्रकाश पाडून वन्य प्राण्यांची छायाचित्रे घेतली. त्या काळी ती अपूर्व ठरली. परंतु सिंहाचे चित्र मिळावे म्हणून त्याने जिवंत जनावरे आमिषादाखल बांधली होती. म्हणजे चित्राची किंमत कोणीतरी मोजतच होते. केवळ ती चित्रात दिसत नव्हती.

अशी न दिसणारी किंमत समजून घेण्यासाठी युगांडातील मर्चिसन फॉल्स राष्ट्रीय उद्यानाकडे वळू. येथे नाईल नदीचा अवघा प्रवाह सुमारे सात मीटर रुंदीच्या खडकाळ फटीत कोंडला जातो आणि सुमारे ४३ मीटर खाली कोसळतो. धबधब्याखाली मात्र नदी पुन्हा रुंद आणि संथ होते. पारा या ठिकाणाहून पर्यटकांच्या नावा प्रवाहाविरुद्ध धबधब्याकडे निघतात. काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात, उथळ पाण्यात पाणघोड्यांचे कळप डुंबत असतात आणि हत्ती पाणी पिण्यास उतरतात. नाव पाण्याशी जवळजवळ समतल असल्याने कॅमेरा प्राण्याच्या डोळ्याच्या उंचीवर येतो. छायाचित्रकाराला यापेक्षा सोयीची बैठक क्वचितच मिळेल.

याच नदीकाठी ह्यू कॉट या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने नाईल मगरींचा अभ्यास केला. कातड्याच्या व्यापारासाठी आफ्रिकेत मगरींची बेसुमार हत्या चालू होती, तो हा काळ. कॉट स्वतः निष्णात छायाचित्रकार होता. प्राण्यांची छायाचित्रे कशी घ्यावीत यावर त्याने १९५६ मध्ये ग्रंथही लिहिला. कॅमेऱ्याविषयी त्याच्या मनात आकस असण्याचे काहीच कारण नव्हते. तरीही १९६९ मध्ये त्याने ‘पर्यटक आणि युगांडातील मगरी’ या विषयावर लेख लिहून एक अप्रिय गोष्ट पुढे मांडली.

ती समजण्यासाठी मगरीच्या मातृत्वाची थोडी माहिती हवी. नाईल मगरीची मादी काठावरील वाळूत खड्डा करून साधारणतः चाळीस ते साठ अंडी घालते व ती वाळूने झाकते. त्यानंतर सुमारे तीन महिने ती घरट्याच्या आसपास राहते. या काळात ती जवळजवळ काहीच खात नाही. पिल्ले अंड्यातूनच आवाज देऊ लागली की ती वाळू उकरते आणि ज्या जबड्याने रानरेड्याला पाण्यात ओढावे, त्याच जबड्यात पिल्लांना अलगद धरून पाण्यापर्यंत नेते. ‘मगरीचे अश्रू’ एवढ्यावरच जिची ओळख आटोपते, त्या प्राण्याचे हे वात्सल्य पाहून मन थक्क होते.

आता पर्यटकांनी भरलेली नाव काठाजवळ येते. आवाज होतो, माणसे उभी राहतात, कॅमेरे पुढे सरसावतात. मादी बिचकते आणि पाण्यात शिरते. हाच तो नाट्यमय क्षण, जो प्रत्येकास टिपावयाचा असतो. चित्र मिळते आणि नाव पुढे जाते. मागे घरटे उघडे पडते. नाईल घोरपड हीच संधी शोधत असते. ती वाळू उकरून अंडी खाते. बबून माकडेही हात मारून घेतात. पर्यटकांच्या नावांमुळे माद्या घरटी सोडतात आणि त्यामुळे अंडी लुटली जातात, याकडे कॉटने लक्ष वेधले. नावेतील एकाही मनुष्याने अंड्याला बोट लावलेले नसते. मगर पळाली याचा फार तर थोडा खेद होतो, पण घोरपड येते तेव्हा पाहणारा तेथे उरलेला नसतो.

सरपटणाऱ्या प्राण्यांचे जे, तेच सस्तन प्राण्यांचे. केनियातील मसाई मारा येथे चित्त्याच्या मादीची गाठ अशाच गर्दीशी पडते. सिंह कळपाने राहतात. चित्त्याची मादी मात्र पिल्लांना एकटीच वाढवते. ती मुख्यतः दिवसाउजेडी शिकार करते, म्हणजे नेमकी पर्यटक फिरत असतात त्या वेळी. एका गाडीने तिला पाहिले की चालक बिनतारी यंत्रावर वर्दी देतो आणि पाहता पाहता गाड्यांचे कडे तयार होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मारा परिसरातील चित्त्यांच्या पिल्लांचा हिशेब मांडला गेला. जेथे पर्यटक थोडे, तेथे एका वेतातील सरासरी २.३२ पिल्ले स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत पोहोचत होती. जेथे पर्यटकांची दाटी, तेथे अवघी ०.२१. गाडीखाली पिल्ले चिरडली जात होती असे नव्हे. सावज निसटणे, आई उपाशी राहणे, पिल्लांची ताटातूट होणे अशा लहान लहान तोट्यांची बेरीज होऊन एवढी तूट येत असावी.

व्यापारी घराण्यांना हे गणित समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. गिऱ्हाईक जे मागते, तोच माल बाजारात येतो. सफारीतील चालक बहुधा जाणता मनुष्य असतो. कोणत्या प्राण्याच्या किती जवळ जावे हे त्याला आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक कळते. परंतु त्याच्या मिळकतीचा एक भाग पाहुण्यांच्या बक्षिसीवर अवलंबून असतो, आणि ‘थोडे आणखी पुढे घ्या’ हे शब्द तो दिवसभर ऐकत असतो. मारामध्ये एका प्राण्याभोवती पाचांहून अधिक गाड्या असू नयेत आणि किमान २५ मीटर अंतर राखावे, असा नियम आहे. तो मोडला जातो तो बहुतेक वेळा मागच्या आसनावरून आलेल्या आग्रहामुळे. गाडीला स्वाहिलीतही ‘गारी’च म्हणतात, आणि हळूहळू याला ‘पोले पोले’. पहिल्याच सकाळी चालकास स्पष्ट सांगावे की आम्हास जवळीक नको, वेळ हवा. पाच गाड्या असतील तेथे आपली सहावी नको. आणि याचा बक्षिसीवर काहीही परिणाम होणार नाही. एवढ्या एका वाक्याने त्याच्यावरील केवढे तरी ओझे उतरते.

अंतर राखल्याने चित्र बिघडत नाही. ४०० मिलिमीटरपर्यंत पोहोचणारी भिंग असेल तर २५ मीटरवरूनही सिंहाच्या मुद्रेचे ठसठशीत चित्र मिळते. गाडीच्या खिडकीवर तांदूळ किंवा कडधान्य भरलेली कापडी पिशवी ठेवून त्यावर कॅमेरा टेकवावा. तिपाईपेक्षा ती अधिक सोयीची. इंजिन बंद करण्यास सांगावे, म्हणजे चित्र हलत नाही आणि प्राणीही निवांत राहतो. नावेतून घेताना शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास ठेवावा. फ्लॅश कटाक्षाने टाळावा. विषुववृत्ताजवळ सूर्य झपाट्याने वर चढतो, म्हणून सकाळचे पहिले दोन-अडीच तास मोलाचे. गेंड्याचे चित्र इतरांस पाठवण्यापूर्वी त्यातील ठिकाणाची नोंद काढून टाकावी. ती चोरट्या शिकाऱ्यांच्या हाती पडू शकते.

याहून महत्त्वाचे म्हणजे प्राण्याची भाषा वाचता येणे. काठावर जबडा वासून निश्चल पडलेली मगर रागावलेली नसते; बहुधा ती तापलेले शरीर थंड करीत असते. पाणघोडा मात्र आ वासतो तेव्हा ती आळसाची जांभई नसून सुळे दाखवून दिलेली ताकीद असते. ज्या चित्राखाली कौतुकाने ‘झोपाळू पाणघोडा’ असे लिहिले जाते, ते बरेचदा नाव अति जवळ आल्याचा पुरावा असते. हत्तीण मान उंच करून, कान पसरून समोर उभी ठाकली की कॅमेरा खाली ठेवावा आणि चालकास निर्णय घेऊ द्यावा. ती पुढचा एक पाय अधांतरी झुलवू लागली तर तिच्या मनात चलबिचल चालली आहे, असे समजावे. आपण आल्याने तिचे खाणे, पिणे, पिल्लाला पाजणे थांबले असेल, तर आपण मर्यादा ओलांडली आहे. मग नियमपुस्तकातील मीटर काहीही सांगोत.

चालताना, बसताना, वस्तू उचलताना सूक्ष्म जिवासही इजा होऊ नये म्हणून बाळगावयाच्या सावधपणाला आपल्या घरांत ‘जयणा’ म्हणतात. आपल्याला न दिसणाऱ्या हानीचाही विचार करावा, हेच तिचे मर्म. स्वयंपाकघरात जी सवय आहे, ती सफारीच्या गाडीत विसरण्याचे कारण नाही. मुले बरोबर असतील तर त्यांना हे तेथेच सांगावे. कॅमेरा त्यांच्या हाती द्यावा, पण आधी पाच मिनिटे नुसते पाहावयास लावावे.

परतल्यावर संगणकावर चित्रे निवडताना एक साधी कसोटी लावून पाहावी. ज्या चित्रात प्राणी आपल्याकडे रोखून पाहतो आहे किंवा आपल्यापासून दूर पळतो आहे, ते बाजूला ठेवावे. ज्यात हत्तीण पिल्लाच्या अंगावर सोंडेने पाणी उडवीत आहे, चित्त्याची मादी दूर कुरणावर नजर लावून बसली आहे किंवा मगर वाळूवरून हललेलीच नाही, ते भिंतीवर लावावे. ते टिपताना आपल्यामुळे कोणाचेही काही बिघडलेले नसते.