हात आमचे, सही दुसऱ्याची

छोट्या विमानात ताज्या हवेची एक झडप असते. पंख वरच्या बाजूला असलेल्या चार आसनी विमानांत ती बहुधा समोरच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यात, दोन्ही अंगांना बसवलेली असते. नळीसारखा तुकडा ओढला की पंखाच्या पुढच्या कडेतून शिरलेली हवा थेट तोंडावर येते. काम एसटीच्या खिडकीचंच, आणि दुखणंही एसटीच्या खिडकीचंच. ती अडकते.

का अडकते? विमान उन्हात उभं असतं, प्लास्टिक ठिसूळ होतं. आतली नमद्याची किंवा रबराची पट्टी फुगते. कोणीतरी कधी काळी तेल सोडलेलं असतं, त्यावर धूळ बसून त्याचा चिखल होतो. बाहेरच्या तोंडात कुंभारमाशी मातीचं घर बांधते. उपायही साधा आहे. जोर लावायचा नाही, नाहीतर नळी हातात येते. ती काढून पुसायची, पट्टी खराब असेल तर बदलायची, प्लास्टिकला चालणारं वंगण अगदी थोडं लावायचं आणि बाहेरचं तोंड मोकळं आहे ना ते बघायचं. मुकुंदनगरपासून भिंगारपर्यंतच्या कुठल्याही गॅरेजमधल्या पोराला हे दाखवा, तो पाचव्या मिनिटाला म्हणेल, "बस, इतनाच?"

आमच्या नात्यातला एक मुलगा शिकाऊ वैमानिकांच्या विमानांवर मदतनीस म्हणून काम करतो. बारावीपर्यंत पोहोचलाच नाही. नगरच्या एका गॅरेजात हात तयार झाला, तिथून ओळखीने विमानांकडे गेला. अशा झडपा त्याने किती मोकळ्या केल्या याचा हिशोब त्याच्याकडेही नाही. पण दुरुस्तीच्या नोंदवहीत त्याचं नाव कुठेच येत नाही. तिथे परवानाधारक अभियंता येतो, काम तपासतो आणि सही करतो. ती सही झाल्याशिवाय विमान सेवेत परत घेत नाहीत. हात याचे, सही दुसऱ्याची. पगारातला फरकही या सहीइतकाच ठसठशीत आहे.

हे ऐकल्यावर आपल्या मोहल्ल्यातली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: "बघा, मेहनत आमची आणि नाव त्यांचं." मला ही प्रतिक्रिया पटत नाही. सहीचा नियम योग्यच आहे, आणि तो का योग्य आहे हे ही क्षुल्लक झडपच सांगते.

इंजिन पुढे असलेल्या अशा विमानांत आतली ऊब बहुधा इंजिनाच्या धुराच्या नळकांड्यावरून घेतात. नळकांड्याभोवती कवच असतं, त्यातून हवा तापून आत येते. नळकांड्याला बारीक तडा गेला की त्या उबेबरोबर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि माणसाला वाटतं की आपण थकलोय. अशा वेळी वैमानिकाने पहिल्यांदा हीटर बंद करायचा आणि ताज्या हवेच्या झडपा पूर्ण उघडायच्या, असं शिकवतात. नेमकी तेव्हाच झडप अडकलेली असेल तर? २१ जानेवारी २०१९ च्या रात्री फुटबॉलपटू एमिलियानो साला याला घेऊन जाणारं छोटं विमान इंग्लिश खाडीत कोसळलं. साला याच्या रक्तात या वायूचं प्रमाण ५८ टक्के आढळलं. वैमानिकावरही त्याचा परिणाम झाला असावा, असा निष्कर्ष ब्रिटनच्या तपास यंत्रणेने काढला. तिथे झडप अडकली होती असं नव्हे. पण बंद केबिनमध्ये हवा ही चैनीची गोष्ट नसते, हे कळायला एवढं पुरे.

म्हणून सही. सही म्हणजे मान नव्हे, जबाबदारी. उद्या काही झालं तर पहिला प्रश्न मला विचारा, असं लिहून देणं. असं लिहून देणाऱ्याला विमानात फक्त ती झडप दिसून चालत नाही. तिच्या मागचं नळकांडं, मूळ कंपनीचं इंग्रजी पुस्तक आणि नियम, सगळं माहीत असावं लागतं.

मग आपली पोरं सहीपर्यंत का पोहोचत नाहीत? विमान देखभालीच्या शिक्षणाला बारावी लागते, तीही भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन. पुढे लाखांची फी. आयटीआयमध्ये वेल्डरसारख्या काही ट्रेडना आठवी चालते, पण मोटार मेकॅनिकला दहावी हवी. आणि आपला मुलगा आठवीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत गॅरेजला लागतो, पहिला पगार घरी आणतो आणि जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा परत जात नाही. मुस्लिमांचं प्रमाण स्वयंरोजगारात जास्त आणि नियमित पगाराच्या नोकरीत कमी आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्ये लिहून ठेवलं. त्या अहवालावर आपण भाषणं खूप केली. पण सरकारकडे बोट दाखवताना गॅरेजच्या दारातून आत जाणाऱ्या त्या पोराला कोणी अडवलं नाही, हेही तितकंच खरं.

कोणी म्हणेल, हुनराला कागद कशाला? उस्तादाचा शागीर्द हीच सनद. या म्हणण्याला आपल्याच नगरचा इतिहास उत्तर देतो. विजापूरच्या बुरुजावरची मुलूख मैदान तोफ १५४९ साली इथे, अहमदनगरला, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात ओतली गेली. वजन सुमारे ५५ टन. ती ओतणाऱ्या मुहम्मद रूमी या तुर्की कारागिराचं नाव तोफेवरच कोरलेलं आहे. पुढे औरंगजेबाने विजापूर जिंकलं तेव्हा त्याचाही लेख त्याच तोफेवर आला, तरी ओतणाऱ्याचं नाव राहिलंच. तोफ फुटली असती तर दोष कोणाचा हे सगळ्यांना कळलं असतं. तरीही त्याने नाव घातलं. उस्तादाची परंपरा सांगायची तर ही सांगूया. बिनसहीच्या हुनराला परंपरा म्हणणं म्हणजे आपल्या गरिबीला दागिना म्हणणं.

करायचं काय, तेही अवघड नाही. गॅरेजमालकांनी ठरवावं: दहावी होईपर्यंत पोरगा फक्त संध्याकाळी आणि सुट्टीत येईल, आणि त्याच्या हाती घातक काम देणार नाही. जे आधीच कामाला लागलेत त्यांनी सरकारच्या कौशल्य योजनेत पूर्वानुभवाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावं. आणि आपल्या जकातीतला काही हिस्सा दरवर्षी दोन-तीन गरजू पोरांच्या बारावी सायन्सच्या फीला जावा. सगळे विमानापर्यंत जाणार नाहीत. कोणी एसटीच्या कार्यशाळेत जाईल, कोणी नागापूरच्या एमआयडीसीत. पण जिथे जाईल तिथे नोंदवहीत त्याचं नाव येईल.

काकडीला, शिर्डीच्या विमानतळावर, २०१७ पासून विमानं उतरतायत. आपल्या गच्चीवरची पोरं ती बघून हात हलवतात. त्यांतल्या एखाद्याची सही त्या विमानाच्या वहीत असायला बारावीची तीन पुस्तकं आणि आपला थोडा धीर लागेल. पोराचा पहिला पगार चार वर्षं उशिरा घरी आला तरी चालेल, असं म्हणणारा बाप आता हवा आहे.