जुने पुष्पक, नवा मालक

आपल्याकडे हातोहात मालक बदललेले पहिले विमान म्हणजे पुष्पक. विश्वकर्म्याने घडवले, ते कुबेराकडे गेले. रावणाने ते सख्ख्या सावत्र भावाकडून हिसकावून घेतले. रावण पडल्यावर रामचंद्र त्यातून अयोध्येला आले आणि त्यांनी ते मूळ मालकाकडे परत धाडले. इतके व्यवहार झाले, पण दरम्यान त्याची डागडुजी कोणी केली, याविषयी रामायणात अक्षर नाही! शिवाय त्या विमानात कितीही माणसे बसली तरी आणखी एकाला जागा उरते, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

दुसरे पुष्पक १९५८ साली बंगळूरच्या हिंदुस्थान विमान कारखान्यातून निघाले. त्यात जागा दोनच. पुढे नव्वद अश्वशक्तीचे एकच इंजिन, पंख डोक्यावर, अंगावर कापड आणि शेपटीखाली एक चिमुकले चाक. अमेरिकेतल्या एरॉन्का चीफ नावाच्या विमानावरून ते बेतले होते, आणि त्या काळी कारखान्यातल्या विमान-रचनेची सूत्रे ज्यांच्या हाती होती ते डॉ. विष्णु माधव घाटगे आपल्या कोल्हापूरकडचे. जर्मनीत गॉटिंगेनला प्रांट्लसारख्या गुरूच्या हाताखाली शिकलेला हा माणूस. अशी दीडशेच्या आसपास पुष्पके झाली आणि बहुतेक देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली. शिकाऊ वैमानिकांच्या दोन पिढ्यांनी ती धावपट्टीवर आपटली.

आता या पुष्पकाचा आणि भिवंडी-वाडा रस्त्यावरच्या आमच्या अंबाडीचा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध असा, की माझा एक जुना विद्यार्थी, मराठीत पस्तीस गुणांवर कसाबसा निसटलेला, पुढे विमान चालवायला शिकला. यंदा दसऱ्याला सोने द्यायला आला आणि पाटावर टेकता टेकता म्हणाला, "सर, एक जुनं पुष्पक विकायला आहे. घेऊ का?"

मी चष्मा पुसत होतो, तोवर स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "ठेवणार कुठे?"

वैमानिकी शास्त्राच्या सगळ्या ग्रंथांत याहून नेमका प्रश्न नसेल. विमान उडते थोडे आणि उभे राहते फार. आमच्या भागात चार महिने भिंतींना पाझर फुटतो, कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते. जुन्या विमानांपैकी कित्येकांच्या पंखांत लाकडी तुळया असतात. काहींचे सांधे तर दुधापासून काढलेल्या केसिनच्या सरसाने जोडलेले. दमट हवेत हा सरस बुरशीला पंगतीला बोलावतो! पोलादी नळ्या आतून गंजतात आणि बाहेरून रंग मात्र नव्या नवरीसारखा. तेव्हा पहिला खर्च विमानाचा नव्हे, छपराचा. आणि छप्पर शक्यतो कोकणात नको, धुळ्यासारख्या कोरड्या मुलखात हवे.

पण पोराच्या डोक्यात छप्पर नव्हते. त्याने वहीत यादी करून आणली होती : मोठे इंजिन, चामड्याच्या गाद्या, घड्याळांच्या जागी चकचकीत पडदा. नाक्यावरच्या आमच्या मिस्त्रीनेही त्याला दुजोरा दिला होता, "टाका की नवं इंजिन, त्यात काय!" मिस्त्रीची चूक नाही. त्याने एका ट्रॅक्टरचे इंजिन दुसऱ्याला बसवून नांगरट करून दाखवली आहे. पण ट्रॅक्टर रुसला तर बांधावर उभा राहतो, विमानाला आकाशात बांध नाही. म्हणून त्यातला असा प्रत्येक बदल महासंचालनालयाकडून मान्य करून घ्यावा लागतो. नवी वस्तू आली की तिचे वजन नुसते मांडून भागत नाही, ती तोलाच्या बिंदूपासून किती अंतरावर बसली याचाही हिशेब होतो. नाक जड झाले तर शेपूट उतरताना ऐकत नाही. शेपूट जड झाली तर विमान ऐन वेळी नाक खाली घेत नाही. आणि नव्वद अश्वशक्तीच्या विमानात दहा किलोंची हौस चढवली की दहा किलोंचे पेट्रोल उतरवावे लागते.

खुद्द कारखान्याने काय केले पाहा. जास्त जागा आणि जास्त जोर हवा झाला तेव्हा पुष्पकातच कोंबाकोंबी न करता त्याच्यावरून थोरले विमान बेतले, त्याला सव्वादोनशे अश्वशक्ती दिली आणि नावही नवे ठेवले, कृषक. ते पुढे सैन्याने तोफखान्याच्या टेहळणीसाठी वापरले.

मी मराठीचा मास्तर, माझे उदाहरण पोथीचेच असणार. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, म्हणजे तीत भर घातली नाही. नकलाकारांनी घुसडलेले काढले. जुन्या विमानाची खरी सुधारणा पुष्कळदा अशीच असते. वर्षानुवर्षांचे रंगाचे थर खरवडले, निरुपयोगी तारा उपटल्या, की विमान हलके होते. सुती कापडाऐवजी आता पॉलिएस्टरचे कापड चढवतात आणि चक्क इस्त्री फिरवून ताणून बसवतात. इस्त्रीचे नाव निघताच स्वयंपाकघरातून श्रोत्यांची संख्या एकाने वाढली.

मग त्याच्या वहीत मी दुसरी यादी लिहवली. आधी खांद्यावरून येणारे पट्टे. जुन्या विमानात बहुधा कमरेचाच पट्टा असतो आणि आपटल्यावर डोके समोरच्या फळीला भेटते. मग टायर, ब्रेक, रेडिओ. मग ठिणगीची व्यवस्था : चार नळकांडी, प्रत्येकाला दोन, असे आठ प्लग. प्लगला हसू नये. १९३० साली आगाखानांच्या बक्षिसासाठी जे.आर.डी. टाटा हिंदुस्थानातून विलायतेकडे आणि अस्पी इंजिनिअर तिकडून इकडे एकेकटे निघाले होते. वाटेत इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पीकडे जादा प्लग नव्हते, टाटांनी आपल्यातले दिले, आणि अस्पी काही तासांनी जिंकला! हेच अस्पी १९६० मध्ये आपल्या हवाई दलाचे प्रमुख झाले.

आणि एक दांडी बघून घे म्हटले, कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी. बाहेर वीस-पंचवीस अंश असले तरी दमट हवेत त्याच्या गळ्यात बर्फ धरतो आणि इंजिन गुदमरते. कोकणात बर्फ! त्याला ते ठाऊक होते. पस्तीस गुणांबद्दलचे माझे मत तेव्हा जरा बदलले.

"पैसे कुठून?" मी विचारले. तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागला. रस्त्यालगतचे भाताचे खाचर. भिवंडीकडून गोदामे सरकत आली आहेत, गिऱ्हाईक दारात उभे आहे. वडील सही करायला तयार आहेत, पण गेले आठ दिवस पोराशी बोलत नाहीत.

मी साफ सांगितले, खाचर विकून विमान घ्यायचे नाही. विमान वर्षातून पन्नास तास उडणार, त्याचे छप्पर, तपासणी आणि विमा मात्र बाराही महिने खाणार. चौघे-पाचजण मिळून एक विमान बाळगतात, तसे भागीदार शोध. आणि बयाणा देण्याआधी लॉगबुके माग, विमानाचे वेगळे, इंजिनाचे वेगळे, पंख्याचे असेल तर तेही. मधली काही वर्षे कोरी असतील तर विमान कुठे, कोणत्या पावसात उभे होते ते विचार. मग पंखाखालची झाकणे उघडून, टॉर्च घेऊन, आडवा पडून आत बघ.

तो येत्या रविवारी बघायला जाणार आहे. वडिलांना बरोबर ने म्हटले. शेतकरी माणूस ओल बरोबर ओळखतो.