आधी भाषा, मग मोजपट्टी

आदिलाबादहून हैदराबादकडे निघालेली मोटार शहराबाहेर पडते न पडते तोच मावल्याचा तलाव दिसू लागतो. भोवती कापसाचे काळे रान, मधून ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. २०१६ पासून मावला हे स्वतंत्र मंडलाचे ठिकाण झाले आहे. या भागात बाजारात तेलुगु आणि मराठी एकमेकींना न अडखळता बोलतात. परंतु बाजार सोडून गुड्याकडे वळले की कानांवर येते ती गोंडी. पाण्याला ‘येर’ म्हणणारे मूल सकाळी उठून शाळेत जाते आणि तेथे ते पाणी वेगळ्याच नावाने पिऊ लागते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही मावल्याच्या बाजूला गेलो होतो. आमच्या एका स्नेह्यांची नात शिक्षणशास्त्रात संशोधन करते. ‘‘आजोबा, काम कसे चालते ते एकदा पाहा तरी,’’ असा तिचा आग्रह होता. तिच्याजवळ चित्रांच्या पत्त्यांचा गठ्ठा होता. एका पत्त्यावर बैल, शेळी, कोंबडी आणि नांगर अशी चार चित्रे होती. विसंगत कोणते ते मुलाने दाखवायचे. छापील उत्तर अर्थातच ‘नांगर’, कारण बाकीचे तिघे प्राणी. आठ-नऊ वर्षांच्या एका गोंड मुलाला तेलुगुतून प्रश्न विचारला, तेव्हा तो खाली मान घालून उभा राहिला. पुन्हा विचारल्यावर त्याने शेळीवर बोट ठेवले. मुलीने कागदावर शून्य मांडले.

माध्यान्ह भोजन रांधणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या. त्यांनी सहज गोंडीतून पोराला विचारले, ‘‘शेळी का रे?’’ पोराची मान वर आली. बैल आणि नांगर शेत करतात, कोंबडी शेतातले किडे वेचते, शेळी मात्र शेत खाते, असे त्याने एका दमात सांगितले. मावशींनी त्याचे तेलुगु करून दिले. आमच्या संशोधक मुलीने पेन्सिल खाली ठेवली आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. त्या गप्प राहण्यात तिचे खरे शिक्षण झाले, असे आम्हांस वाटते.

ही अडचण नवी नाही. १९३१ व ३२ साली रशियन मानसशास्त्रज्ञ लुरिया उझबेकिस्तानच्या खेड्यांत गेले आणि हातोडा, करवत, कुऱ्हाड व ओंडका यांतले वेगळे काय, असे त्यांनी शेतकऱ्यांना विचारले. ओंडका वेगळा काढावयास निरक्षर शेतकरी तयार होईनात. ओंडकाच नसेल तर करवतीचा उपयोग काय, हा त्यांचा सवाल! लुरियांचे निष्कर्ष काहीही असोत, त्यांनी उत्तराबरोबर कारणही लिहून घेतले, म्हणून ते काम आजही वाचले जाते.

आपल्याकडचे उदाहरण तर याहून जवळचे आहे. बिने यांची बुद्धिमापनाची कसोटी फ्रान्सात १९०५ साली निघाली आणि अमेरिकेत तिचे नवे रूप तयार झाले. ती येथील मुलांवर जशीच्या तशी लादणे गैर आहे, हे ओळखून धारवाडच्या व्ही. व्ही. कामतांनी कानडी आणि मराठी मुलांवर प्रश्न चालवून पाहिले व त्यांची वयवार मांडणी नव्याने केली. त्यांचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. बिने-कामत हे जोडनाव आजही मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्या नावातला धडा मात्र विसरला जातो.

त्याच १९४० साली आदिलाबादच्या जोडेघाटात कुमरम भीम पोलिसांच्या गोळीला बळी पडला. त्यानंतर गोंडांचे दुखणे काय आहे ते समजून घ्यावे, असे निजाम सरकारला वाटले आणि त्या कामी मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांची योजना झाली. आधी गोळी, मग अभ्यास! परंतु तो अभ्यास कागदावर राहिला नाही. १९४३ साली मारलवाई येथे गोंड तरुणांना शिक्षक म्हणून तयार करण्याचे केंद्र निघाले, आणि गोंडी भाषेतली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. आपले सेतुमाधवराव पगडी या जिल्ह्यात अधिकारी म्हणून आले, तेव्हा त्यांनीही गोंडी शिकून घेतली आणि तिचे व्याकरण लिहिले. पुढे राज्ये बदलली, माध्यम बदलले आणि गोंडीची ती पायरी निखळली.

हैदराबादच्या जुन्या मराठी घरांना यात परके काय आहे? १९१८ साली उघडलेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. आपल्या वडीलधाऱ्यांनी गणित आणि इतिहास परभाषेतून पाठ केला. मराठी मुलाला मराठीतून शिकता यावे, म्हणून विवेकवर्धिनीसारख्या संस्था उभ्या राहिल्या. त्या झगड्याचा अभिमान आपण अजून बाळगतो. तो रास्तही आहे. मात्र आदिलाबादच्या गोंड मुलाला ज्या परभाषांनी मुके केले, त्यांत एकेकाळी आपली मराठीही होती, हे त्याच श्वासात कबूल केले पाहिजे.

कोणी म्हणेल, प्रत्येक मुलाचे कारण ऐकत बसलो तर मोजमाप व्हायचे कसे? आम्ही मोजपट्टीचे वैरी नाही. आकड्यावाचून सरकार शिक्षक देत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. म्हणूनच खोटा आकडा अधिक घातक. त्या शून्यावरून उद्या कोणी ‘आदिवासी मुलांची विचारशक्ती कमी’ असे लिहील, आणि ते वाक्य पुढच्या दहा प्रबंधांत उतरत जाईल.

तेलुगु व इंग्रजी त्या मुलाला आली पाहिजे, यातही वाद नाही. वाद आहे तो पहिल्या पायरीचा. १९५६ साली घटनेत आलेला ३५० क हा अनुच्छेद अल्पसंख्य भाषागटांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे राज्यांना सांगतो. २०२० चे शैक्षणिक धोरणही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरची भाषा धरावी, असे म्हणते. ते कसे साधावे, हे दाखवणे हेच तर संशोधकाचे काम.

आमच्या वाचकांच्या घरांत प्राध्यापक आहेत, मार्गदर्शक आहेत, पदव्युत्तर विद्यार्थीही आहेत. त्यांच्याजवळ आमचे तीन मागणे आहेत. कसोटी लावण्यापूर्वी ती मुलाच्या भाषेत चालवून पाहा, आणि त्या कामी मदत करणाऱ्या मावशींना मेहनताना द्या, प्रबंधात त्यांचा उल्लेख करा. उत्तराशेजारी कारणाचा रकाना ठेवा. आणि पदवी हाती येण्यापूर्वी, ज्या शाळेतून आकडे नेले तिला चार पानांचा सारांश तेथील भाषेत पोचवा.

ती मुलगी परतताना मोटारीत आपले कागद पुन्हा चाळत होती. त्या पोराच्या नावापुढचे शून्य तिने खोडले नव्हते. शेजारी बारीक अक्षरांत एवढेच लिहिले होते : ‘शेळी शेत खाते.’ प्रबंधाचा आरंभ तेथून व्हावा, अशी आमची इच्छा आहे.