ड्रिलचा धडा शाळेतच हवा

पन्हाळा तालुक्यातल्या कोडोलीसारख्या गावात ड्रिल मशीन आता एकट्या सुताराचे किंवा वेल्डरचे राहिलेले नाही. चौकटीला बिजागरी बसवायची असो की गोठ्याच्या अँगलला पत्रा जोडायचा असो, घरातलेच कोणीतरी मशीन उचलते आणि होल मारते. एका अंगाला वारणानगरचा साखर कारखाना, दुसऱ्या अंगाला कोल्हापूरच्या फाउंड्र्या आणि शिवाजी उद्यमनगर. या पट्ट्यात लोखंडाशी लोकांचे नाते जुने आहे. तरीही हे रोजचे यंत्र शाळेच्या दाराबाहेरच राहते. मशीन कोणालाही विकत मिळते, ते चालवण्याची समज मात्र ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडलेली आहे. ती हायस्कूलच्या अभ्यासातच मिळायला हवी.

याचे कारण कामातच आहे. लाकूड आणि लोखंड यांची मागणी उलटी असते. लाकडात वेग चालतो. पण बिट मधूनमधून मागे ओढून भुसा काढला नाही तर भोक करपते, आणि खाली टाकाऊ फळी नसेल तर मागची बाजू फुटते. लोखंडात वेगच घात करतो. साध्या पोलादात हायस्पीड स्टीलच्या बिटची धार मिनिटाला साधारण २५ मीटर वेगाने फिरली तर टिकते. परिघाच्या सूत्राने हिशेब केला तर १० मिलिमीटरच्या बिटला मिनिटाला सुमारे ८०० फेरे येतात, ५ मिलिमीटरच्या बिटला १,६००. साध्या हँड ड्रिलचे बटण पूर्ण दाबले तर फेरे अडीच हजारांच्या घरात जातात. म्हणजे जाड बिट तिप्पट वेगाने घासते, टोक निळे पडते आणि बोल लागतो बिटच्या कंपनीला. खरा धोका तर होल आरपार जाताना असतो. पातळ पट्टी हातात धरलेली असेल तर बिट शेवटच्या काठात अडकते, पट्टी गरकन फिरते आणि बोटे कापते. हातमोजा घालावा तर तोच बिटात गुंडाळला जातो. सेंटर पंचचा एक ठोका, घट्ट क्लॅम्प, तेलाचे दोन थेंब, डोळ्यांवर चष्मा आणि शेवटी हलका दाब, एवढ्यात हे बहुतेक टळते.

मिस्त्रीच्या हाताखाली हे आपोआप येते, असे कोणी म्हणेल. येते, पण घरी मशीन आणणाऱ्याला मिस्त्री कुठला? मुलींना तर वर्कशॉपमध्ये उभे राहण्याची संधीच क्वचित मिळते. आयटीआय आहे, पण ती बहुतेक करून दहावीनंतर आणि निवडक मुलांसाठी. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांतल्या कारागिरांना अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि थोड्या दिवसांचे प्रशिक्षणही आहे. पण ते नोंदणी झालेल्या कारागिरापुरते. मुलांच्या हाती ड्रिल देणे धोक्याचे, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. मात्र ते मशीन घरात आधीच पोचले आहे. मग पहिले होल शिक्षकासमोर, क्लॅम्प लावून मारलेले बरे, की सुट्टीत माळ्यावर एकट्याने?

शिक्षक आणि खर्च कुठून आणायचा, याचे उत्तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळने दिले आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यातून आकाराला आलेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या मुलांकडून हाताने काम करून घेतो, तोही ग्रामीण शाळांत. नव्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची तरतूद आहे. कोडोलीच्या परिसरात असे कारागीर शोधावे लागणार नाहीत. त्यातल्या एखाद्याला मानधन देऊन शाळेत बोलवावे, दोन मशीन आणि चार व्हाइस घ्यावेत, आणि परिघाचे सूत्र शिकवले त्याच आठवड्यात मुलांकडून बिटचे फेरे काढून घ्यावेत. व्यवस्थापन समितीने मनावर घेतले तर यासाठी मुंबईच्या आदेशाची वाट पाहायची गरज नाही.