बग टाकायचा कुठे?

टेस्टरला बग सापडला की पहिला प्रश्न येतो: टाकायचा कुठे? मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी-माणच्या आयटी पार्कात हा प्रश्न रोजचाच. बऱ्याच टीम त्यावर सोपा तोडगा काढतात. जिरामध्ये 'बग्ज' नावाचा वेगळा प्रोजेक्ट उघडायचा आणि वेब, मोबाइल, पेमेंट, सगळ्यांचे बग त्यात टाकायचे. मला हा तोडगा मुळातच चुकीचा वाटतो.

बग कुठल्या तरी कोडमधला असतो आणि कुठल्या तरी रिलीजआधी सुटायचा असतो. वेगळ्या प्रोजेक्टात गेला की हे दोन्ही धागे तुटतात. जिरात कंपोनंट आणि फिक्स व्हर्जन त्या-त्या प्रोजेक्टपुरतेच असतात. म्हणजे पेमेंटच्या पुढच्या रिलीजला किती बग उघडे आहेत, हे पेमेंटच्या रिलीजच्या पानावर दिसतच नाही. स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये स्टोऱ्या उचलल्या जातात आणि बग मागे राहतात.

एक साधा बग घ्या. अँड्रॉइडवर बॅक दाबून परत आलं की कूपन दोनदा लागतं. मोबाइलवाले म्हणतात, एपीआयने अडवायला हवं. एपीआयवाले तो प्रायसिंगकडे ढकलतात. तिकिटावर कॉमेंट वाढत जातात, असायनी बदलत राहतो आणि कोड तसाच. हिंजवडीकरांना हे वेगळं सांगायला नको. रस्त्यावर पाणी तुंबलं की एमआयडीसी, पीएमआरडीए, ग्रामपंचायत, हद्द कुणाची इथेच गाडी अडते.

बगचा मालक कोण, याचा विचार जुन्या साधनांनी केलेला आहे. मोझिलाने 1998 मध्ये खुल्या केलेल्या बगझिलात प्रॉडक्ट आणि कंपोनंट निवडल्याशिवाय बग नोंदवताच येत नाही, आणि प्रत्येक कंपोनंटला डिफॉल्ट असायनी ठरलेला असतो. 2006 मध्ये आलेल्या रेडमाइनमध्ये प्रोजेक्टखाली सबप्रोजेक्ट करता येतात, आणि वरच्या प्रोजेक्टात खालचे सगळे इश्यू एकत्र पाहता येतात.

सगळं एका यादीत दिसावं, ही टेस्ट लीडची मागणी रास्तच आहे. पण त्यासाठी सेव्ह केलेला फिल्टर पुरतो, वेगळा प्रोजेक्ट कशाला? आणि प्रोजेक्ट-कंपोनंटची उतरंड कंपनीच्या ऑर्ग चार्टवरूनही रचू नये. मॅनेजर बदलतात, टीमची नावं बदलतात. पेमेंटचा कोड पेमेंटचाच राहतो. स्टोरी चालू असताना सापडलेला बग त्या स्टोरीखाली सबटास्क म्हणून जावा. प्रॉडक्शनमध्ये निघालेला बग मात्र स्वतंत्र नोंदवावा, नाहीतर स्टोरी बंद झाली की तोही नजरेआड होतो. बगचा मालक कळत नसेल तर ट्रायाजची एकच रांग ठेवावी आणि ती रोज रिकामी करणारा माणूस नावानिशी नेमावा. बग चुकीच्या जागी पडला असेल तर क्लोन करू नका, मूव्ह करा. जिरात जुना नंबर टाकला तरी तो नव्या जागी नेतो, त्यामुळे कॉमेंटचा इतिहास हरवत नाही.

टीम लीडना माझी विनंती आहे: पुढच्या प्लॅनिंगआधी सगळ्यात जुने उघडे बग काढा आणि ज्या कंपोनंटला मालक नाही, त्याला आधी मालक द्या.